शाळा सोडल्याचे कारण

खडूची_पूड

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेला पुढच्या वर्षी पंचाहत्तर वर्षं पुरी होतायत. शाळा तालुक्याच्या गावातली, १९५१ची. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो, तेवढ्यात स्मरणिकेचं काम माझ्या नावावर टाकून मंडळी चहाला लागली होती.

सुवर्णमहोत्सवाची जुनी स्मरणिका काढून बघितली. पहिली वीस पानं शुभसंदेश. मग संस्थापकांचा हार घातलेला फोटो, मुख्याध्यापकांची कारकीर्दवार यादी, बोर्डात आलेली मुलं, आणि मागे खताच्या दुकानापासून सोन्याच्या पेढीपर्यंत जाहिराती. शाळेच्या इतिहासाला दीड पान. त्यातही रोपट्याचा वटवृक्ष झाला हे तीनदा.

म्हणून ऑफिसात जाऊन जुनं काही आहे का विचारलं. क्लार्कबाईंनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढून दिलं. हातभर लांब, कापडी बांधणी, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. प्रत्येक मुलाला एक आडवी ओळ : नंबर, नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. मी चाळायला बसलो आणि दोन तास उठलो नाही. वाचत होतो फक्त एकच रकाना, शेवटून दुसरा. ‘पुढील शिक्षणासाठी.’ ‘वडिलांची बदली.’ ‘लग्न.’ ‘सतत गैरहजर.’ ‘घरची अडचण.’ ‘लग्न.’ ‘लग्न.’ एका ठिकाणी नुसतंच ‘गेला’. कुठे गेला ते नाही.

वाटलं, शाळेचा खरा इतिहास इथे आहे. पण हा छापायचा कसा? तुमच्या गावच्या हायस्कुलांच्या आठवणी, जुने दाखले, ऐकीव गोष्टी, सगळं चालेल. आमच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या रजिस्टरातली बरीच माणसं मला अजून बाजारात भेटतात.

सातवी_ब

रुमाल टाकून ठेवतो. उद्या सविस्तर.

निवृत्त_हेडक्लार्क

खडूची पूड, तुम्ही दुखरी जागा दाबलीत. एकतीस वर्षं मी हेच रजिस्टर लिहिलं. थोडं सांगतो, नाहीतर वाचताना फसाल.

एक : जन्मतारखांवर विश्वास ठेवू नका. रजिस्टरात १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी दिसेल. जूनमध्ये बाप पोराला घेऊन यायचा, जन्मतारीख विचारली की म्हणायचा, ‘मोठा पाऊस झाला त्या साली.’ गुरुजी पोराच्या तोंडाकडे बघून वय धरायचे आणि प्रवेशाला बसेल अशा हिशेबाने १ जून टाकून मोकळे. ती तारीख मग नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळ्याला चिकटली. महाराष्ट्रात ३१ मे रोजी निवृत्तीचे हारतुरे इतके का निघतात, त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या रजिस्टरात आहे.

दोन : ‘वर्तणूक’ सगळ्यांची ‘चांगली’ असते. मी स्वतः एका मुलाला ‘चांगली’ लिहून दिलीय, ज्याने प्रयोगशाळेतला सांगाडा आणून स्टाफरूमच्या खुर्चीवर बसवला होता. दाखल्यावर वाईट लिहिलं तर पुढची शाळा घेत नाही, म्हणून कोणी लिहीत नसे.

तीन : कारणाचा रकाना मुलं सांगत नाहीत, पालक सांगतात. तेही नाही. बहुतेक वेळा क्लार्क लिहितो. ‘पालकांच्या इच्छेनुसार’ दिसलं की समजा, माझ्यासारख्या कोणाला तरी जेवायला जायची घाई होती.

आणि एक विनंती. रजिस्टरवर पेन्सिलनेसुद्धा खूण करू नका. हजेरीपट काही वर्षांनी रद्दीत जातात, हे कायम जपायचं रेकॉर्ड आहे.

एसटीची_वाट

काका, एक जून तर एसटीचाही वाढदिवस! पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर धावली. तिची तारीख मात्र खरी आहे :)

आमच्याकडे हायस्कूल म्हणजे एसटी, हे वेगळं सांगायला नको. गाव तालुक्यापासून चौदा किलोमीटर. आठवीला कोण जाणार हे गुणांवर ठरत नव्हतं, मुक्कामाच्या गाडीवर ठरत होतं. रात्री शेवटची गाडी गावात मुक्कामाला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे आणि सकाळी सव्वासहाला तीच गाडी आम्हाला घेऊन निघायची. शाळा अकराची. मधले चार तास स्टँडवर. माझा सगळा गृहपाठ तीन नंबरच्या फलाटावर झालाय. इंग्रजीच्या वहीला डिझेलचा वास होता.

एका पावसाळ्यात पूल खचला आणि मुक्कामाची गाडी बंद झाली. मुलगे सायकलवर जायला लागले. आमच्या वर्गातल्या सहा मुलींपैकी एकही परत आली नाही. पुढे मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळायला लागला, पण पास असून उपयोग काय, गाडी हवी ना. रजिस्टरात त्या सहाजणींपुढे ‘सतत गैरहजर’ असणार. पूल खचला असं कोण लिहितंय!

निवृत्त_हेडक्लार्क

नाही लिहीत. बरोबर आहे तुमचं.

डबलबॅच_७५

आमच्या बॅचवर कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. १०+२+३चा आकृतिबंध आला आणि १९७५ला जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली एसएससी एकाच वर्षी झाली. माझा थोरला भाऊ अकरावीला, मी दहावीला. घरात कंदील एक आणि एसएससी दोन. आईने कंदील मधोमध ठेवला होता, पण दादाचं अंग मोठं, सावली माझ्या पुस्तकावर.

त्याचं गणित जुनं, माझं नवं, संचबिंच असलेलं. तो मला शिकवू शकत नव्हता याचा त्याला राग आणि मला आनंद. शिक्षकांचे हाल वेगळेच. तेच सर एका तासाला जुनं शिकवत आणि घंटा झाली की शेजारच्या वर्गात नवं, आणि नवं त्यांनी स्वतः सुट्टीतल्या शिबिरात आठ-दहा दिवसांत शिकलेलं.

निकालानंतर खरी गंमत. दादा जुन्या वाटेने कॉलेजला गेला, मी अकरावीला. लहान गावांत कॉलेज नव्हतं, म्हणून हायस्कूललाच अकरावी-बारावी जोडली आणि पाटी रंगवली ‘कनिष्ठ महाविद्यालय’. इमारत तीच, बाक तेच, हाफ पँटची फुल पँट झाली एवढंच. आम्हाला मारणारे एक सर त्या जूनपासून आम्हाला ‘अहो’ म्हणायला लागले. तीन दिवस टिकलं.

अंबाजोगाईकर

मराठवाड्याची बाजू मांडतो, कारण स्मरणिका म्हटलं की १८८०चं पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल, टिळक-आगरकर-चिपळूणकर इथूनच सगळे सुरू करतात. आमच्याकडे निजामाचं राज्य. सरकारी शाळेत माध्यम उर्दू, उस्मानिया विद्यापीठही १९१८ला निघालं ते उर्दू माध्यमाचं. आमच्या गावचं तेव्हाचं नाव मोमिनाबाद. तिथली योगेश्वरी शाळा १९१७ची, आणि स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग इथे मुख्याध्यापक होते. हैदराबादचा मुक्तिलढा नंतर कोणी चालवला ते सांगायला नको. त्या काळात तिकडे मराठीतून शाळा चालवणं हेच एक राजकारण होतं.

रजिस्टरावरून आठवलं. माझ्या आजोबांचा सरकारी शाळेतला दाखला उर्दूत आहे आणि तारखा फसली सनात. आजूर, दै, बहमन असे महिने. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष जानेवारीला सुरू होत नसल्यामुळे एक वर्ष इकडेतिकडे होतं. आजोबांच्या दाखल्यावर एक वय आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं. ते म्हणायचे, निजामाने मला एक वर्ष जास्त दिलं, तेवढं एकच त्याचं देणं.

सप्टेंबर १९४८नंतर मधल्या वर्गांतल्या पोरांचं काय झालं असेल विचार करा. सगळे विषय उर्दूत शिकलेली पोरं, आणि समोर मराठी पुस्तक. आजोबांना मरेपर्यंत पाढे उर्दूतूनच यायचे.

सातवी_ब

कालचा रुमाल उचलतो. आमच्या सातारा जिल्ह्यात बऱ्याच गावांना हायस्कूल मिळालं ते रयत शिक्षण संस्थेमुळे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला काले गावी संस्था काढली, १९२४ला साताऱ्यात शाहू बोर्डिंग, १९४०ला महाराजा सयाजीराव हायस्कूल. तिथे मुलं राबून शिकायची. हे पाठ्यपुस्तकातलं झालं. मला सांगायचंय ते असं, की गावात शाळा काढायची ठरली तेव्हा इमारत कुठे होती? वडील सांगतात, त्यांची आठवी एका वाड्याच्या सोप्यात भरायची आणि नववी देवळाच्या ओवरीत. मधल्या सुट्टीत वर्ग बदलायचा म्हणजे अर्धं गाव ओलांडायचं. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. गावात रेल्वे नाही, रूळ कुठून आणला ते आजपर्यंत गूढ आहे.

शाळेची इमारत गावाने श्रमदानातून बांधली. शिपाईमामा अजून दगड दाखवतात, हा अमक्याच्या विहिरीचा, तो तमक्याच्या पडक्या वाड्याचा. स्मरणिकेत देणगीदारांची यादी येते, दगड वाहणाऱ्यांची कधी येत नाही. खडूची पूड, तेवढं बघा.

तापीकाठ

+१. आमच्या अमळनेरचं प्रताप हायस्कूल माहीत असेलच. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथे शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळायचे. तिथे त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ चालवलं, हाताने लिहिलेलं, रोजचं. वसतिगृहातल्या पोरांसाठी रोज एक अंक म्हणजे काय कष्ट असतील! पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही काढलं.

सांगायचा मुद्दा, शाळांतून हस्तलिखितं निघायची ती कुठे गेली? आमच्या वेळी प्रत्येक वर्गाचं एक. सुवाच्य अक्षराची मुलगी लिहायची, चित्रकलेचा पोरगा मुखपृष्ठ करायचा, आणि कविता चोरलेल्या असायच्या. स्नेहसंमेलनाला टेबलावर मांडायचे. शोधा, एखादं कपाटाच्या वर सापडेल.

शेलापागोटे

अवांतर : ही सगळी गोड गोड आठवणींची मैफल चाललीय. छडीबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्याकडे एक सर होते, नाव घेत नाही. गणित चुकलं तर बोटांच्या पेरांवर डस्टर. माझ्या शेजारचा मुलगा त्या डस्टरमुळे नववीत शाळा सोडून गॅरेजला लागला. त्या सरांचा निवृत्तीचा सत्कार झाला तेव्हा तोच मुलगा पहिल्या रांगेत, हार घेऊन. मला अजून कळलेलं नाही त्याला माफ केलं म्हणायचं की काय म्हणायचं.

डबलबॅच_७५

शेलापागोटे, आमच्या वेळी घरी सांगितलं तर घरी दुसरा मार पडायचा. पण तुमचं खरं आहे, हे स्मरणिकेत यायचं नाही.

खडूची_पूड

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा गेलो होतो. १९७२-७३चं वर्ष काढलं.

दुष्काळाचं वर्ष. पानंच्या पानं ‘सतत गैरहजर, नाव कमी’. एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत. मी गावातल्या एका आजोबांना विचारलं, तेव्हा ते नववीत होते. म्हणाले, ‘गैरहजर नव्हतो. पाझर तलावावर खडी फोडत होतो. तिथे हजेरी रोज लागायची.’ मस्टरवर नाव असलं की मजुरी, आणि पोरांना सुकडी. शाळेच्या हजेरीने घरात दाणा येत नव्हता. मग पुढची दोन वर्षं चाळली तर त्यातली काही नावं पुन्हा दिसली, नवीन नंबराने. ते आजोबाही त्यात होते. अठराव्या वर्षी नववी. मिशा फुटलेल्या मुलांना बाईंनी मागच्या बाकावर बसवलं होतं म्हणे, पुढे बसली तर बारक्यांना फळा दिसेना.

निवृत्त_हेडक्लार्क

पुन्हा प्रवेश असेल तर शेऱ्यात जुना नंबर लाल शाईने लिहिलेला असतो. त्यावरून माग काढा. आणि ती एकाच हस्ताक्षरातली नोंद म्हणजे कोणीतरी वर्ष संपताना एका बैठकीत सगळी नावं उडवलीत. मीही केलंय तसं, दुसऱ्या एका साली. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

उद्याचा_गृहपाठ

मी सध्या अशाच एका शाळेत शिकवते, म्हणून ताजं सांगते. जुनं रजिस्टर आमच्याकडे अचानक फार मोलाचं झालंय. जातपडताळणीला १९५०, १९६१ नाहीतर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे जूनमध्ये ऑफिसबाहेर नातवंडांची रांग, हातात पणजोबांचं नाव. २०२३ला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर मोडी वाचणारे शोधत फिरले लोक. ज्या रजिस्टरला वाळवी लागली तरी कोणी बघत नव्हतं, त्याचं स्कॅनिंग दोन दिवसांत झालं. एक बाई तर पणजीचं नाव सापडल्यावर जातीचा रकाना न बघताच रडायला लागल्या. पणजी शाळेत गेली होती हेच त्यांना माहीत नव्हतं.

२०११ची पटपडताळणी आठवते? ऑक्टोबरचे तीन दिवस, राज्यभर एकदम, मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी. पट फुगवलेल्या शाळा उघड्या पडल्या. म्हणजे काका, तुमच्या काळात रजिस्टरात नसलेली मुलं खडी फोडत होती, आणि आमच्या काळात रजिस्टरातली काही मुलं पृथ्वीवरच नव्हती!

आता सगळं सरल आणि यूडायस या सरकारी ऑनलाइन नोंदींवर. कारणाचा रकाना निवडायचा असतो, लिहायचा नसतो. २०२१च्या दहावीची तर परीक्षाच झाली नाही, निकाल मात्र जवळजवळ शंभर टक्के. त्याच्या आदल्या बॅचचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. एक मुलगा मला अजून विचारतो, ‘बाई, भूगोलात मी खरंच किती हुशार होतो?’

बाकी आमच्या शाळेत पूर्वी अ ते ई तुकड्या होत्या, आता अ आणि ब, त्यातली ब सेमी-इंग्रजी. पिवळ्या बसेस गावातून इंग्रजी शाळेकडे जातात त्या आमच्या फाटकावरूनच. शिक्षक अतिरिक्त ठरून निघून जातात. यावर वेगळा धागा काढायला हवा.

एसटीची_वाट

काढा ताई. वाचतोय.

शेलापागोटे

खडूची पूड, एक शंका. तुम्ही रजिस्टर छापणार असाल तर नावं, जात, ‘लग्न’ हे सगळं छापणार? ती माणसं, त्यांची सुना-नातवंडं गावात आहेत. कुणाच्या तरी आजीला तेराव्या वर्षी लग्नासाठी शाळेतून काढली, हे सोनेरी कव्हरात छापलेलं त्यांना आवडेल का?

निवृत्त_हेडक्लार्क

नावं छापू नका. जात तर अजिबात नको. नुसता कारणांचा रकाना छापा, वर्षवार, एकाखाली एक. पाच-सहा पानं होतील. ज्याला स्वतःची ओळ ओळखायची तो ओळखेल.

तापीकाठ

हेडक्लार्ककाका, हे सुचायला एकतीस वर्षांची नोकरी लागते. _/\_

खडूची_पूड

काकांचं ऐकतोय. रकाना तेवढा छापायचा असं समितीत मांडलं. अध्यक्ष म्हणाले, ‘शुभसंदेशांची पानं कमी करायची नाहीत, बाकी काय ते करा.’ म्हणजे झालं.

जाता जाता घरचं एक. माझी आत्या आमच्याच शाळेत होती. घरात तिच्याबद्दल कायम एकच वाक्य ऐकलं, ‘हिला अभ्यासात गती नव्हती, आठवीत बसली आणि सोडली.’ ती स्वतःही हेच सांगायची, हसून. काल तिची ओळ सापडली. दाखल जून १९६२, आठवी. प्रगती : ‘समाधानकारक. आठवी उत्तीर्ण, नववीत चढविले.’ सोडल्याची तारीख जुलै १९६३. कारण : ‘घरकाम.’ त्या जुलैत माझ्या सगळ्यात धाकट्या काकांचा जन्म झाला होता, आजी आजारी होती.

फोटो काढायला परवानगी नव्हती, म्हणून ओळ वहीत उतरवून घेतली आणि संध्याकाळी आत्याकडे गेलो. तिला आता कमी दिसतं. मोठ्याने वाचून दाखवलं. नाव, गाव, जन्मतारीख १ जून, सगळं. ‘नववीत चढविले’ला मी थांबलो. ती काही बोलली नाही. परत वाच म्हणाली. परत वाचलं.

मग म्हणाली, ‘एक जून चूक आहे. मी नागपंचमीची. तेवढं त्यांना दुरुस्त करायला सांग.’

काका, शाळा सोडल्यावर जन्मतारीख बदलता येते का हो?